मागल्या रांगेतलं सागवान

विठ्ठल ओव्हाळ लाकूड डोळ्यांनी बघायच्या आधी हातानं बघायचा. वरून ठणठणीत दिसणारा खांब आतून वाळवीनं खाल्लेला असेल, तर बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी ठोकलं की त्याला कळायचं. लाकूड कुठवर जिवंत आहे आणि कुठून नुसती पोकळी, ते तो खडूची रेघ मारून दाखवायचा. तिथं पटाशी घातली की रेघ बोटभरसुद्धा चुकलेली नसायची. पस्तीस वर्षं त्यानं हेच केलं, आणि तेही लोणावळ्यातल्या एकाच पेठेत.

रुळांच्या खालच्या अंगाला ही लाकूडपेठ. घाटातून रेल्वे वर चढली त्या काळात इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यांनी वसवलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा दुमजली घरं, सगळी सागवानी. पुढं कोरीव कठड्यांचे सज्जे, पावसाची झड अडवायला फळ्यांच्या झडपा, वर मंगलोरी कौलं. या घरांच्या पाठीमागं एक लांब बैठी चाळ होती, नऊ खोल्यांची. ओंडके ओढणारी आणि करवतीवर राबणारी माणसं पेठेजवळ राहावीत म्हणून व्यापाऱ्यांनीच ती उभी केली होती. पुढच्या घरांना पुरून उरलेलं सागवान तिथं लावलं होतं. नक्षी नव्हती, पण झाड तेच. पेठेतले लोक तिला मागली रांग म्हणायचे. विठ्ठलचा आजा तिथं करवत ओढायला आला, छप्पन साली त्यानं तिथल्या सगळ्यांबरोबर धम्मदीक्षा घेतली, आणि विठ्ठल त्याच चाळीतल्या सहाव्या खोलीत जन्मला. दहावीनंतर तो रेल्वेच्या शेडात बदली कामगार म्हणून लागला, तिथं एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली सुतारकी शिकला, आणि बदलीची कामं बंद झाल्यावर पेठेतली घरं दुरुस्त करू लागला.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीनंतर पेठेत मोजणी सुरू झाली. पेठ जतन करायची, जुनी होती तशी करायची, मग बाहेरचे लोक बघायला येतील, असं ठरलं. समिती झाली. पहिल्या घराचा मालक कैलासशेठ तिचा अध्यक्ष. पुण्याहून अनघा नावाची वास्तुतज्ज्ञ आली, पस्तिशीची, गळ्यात कॅमेरा, पायात चिखलाचे बूट. पहिल्याच दिवशी ठेकेदार तिला सांगत होता, "मॅडम, खांब सगळे गेलेत. बदलूनच टाकू." विठ्ठल तिथं एक झडप बसवत होता. त्याला राहवलं नाही.

"ताई, सगळं न्हाई गेलं," तो म्हणाला. "बुडाचा हातभर गेलाय. तेवढाच कापायचा आन नवं बूड जोडायचं. वरचा खांब अजून शंभर वर्सं हलत न्हाई."

अनघा खाली बसली. त्यानं तिला वाजवून दाखवलं. ती दोन तास त्याच्या मागं मागं फिरली, आणि जाताना कैलासशेठला म्हणाली, "मुख्य मिस्त्री हेच असतील. नाहीतर मी हे काम करणार नाही."

त्यानंतरची दीड वर्षं विठ्ठलच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गेली. हे त्यानं नंतर कधी नाकारलं नाही, नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं. साठीला आलेला माणूस सकाळी सातला पेठेत हजर असायचा. अनघा त्याला विठ्ठलकाका म्हणायची, वहीत त्याचे शब्द लिहून घ्यायची. कुसू म्हणजे लाकडाची जीभ, ती दुसऱ्या लाकडाच्या खाचेत कशी बसते, पाचर कुठून मारायची, खिळा का मारायचा नाही. जिथं आजवर त्याला "एवढं ठोकून दे" म्हणून बोलावलं जायचं, तिथं आता शिकलेली माणसं त्याच्या होकाराची वाट बघत उभी राहायची. त्याची बायको हिरा चेष्टेनं म्हणायची, "आता आमच्याशी बोलाल का, का आधी अर्ज लिवू?"

अडलं ते लाकडापाशी. नवं सागवान आणलं, पण ते दोन पावसाळ्यांत वळलं असतं आणि जुन्या सांध्यांना फोडलं असतं. लागत होतं जुनं, मुरलेलं, शंभर पावसाळे पाहिलेलं. असं लाकूड बाजारात मिळेना. तेव्हा एके दिवशी कैलासशेठ मागल्या रांगेत आला. आजवर तो निवडणूक सोडून कधी आला नव्हता.

"तुमची चाळपण पेठेचाच भाग आहे," तो खुर्चीवर बसून म्हणाला. सगळ्या नऊ घरांतली माणसं अंगणात जमली होती. "तीपण नीट करायची. पण माणसं आत ठेवून काम होत नाही. सोमाटण्याला एका बिल्डिंगमध्ये नऊ फ्लॅट घेऊन ठेवलेत. आठ महिने तिकडं राहा. चाळ उतरवू, लाकूड गोदामात ठेवू, पाया नवा घालू, आणि जशीच्या तशी परत उभी करू. विठ्ठलभाऊच करणार आहेत. दुसरं कुणी हात लावणार नाही."

 घराचे कागद कुणाकडंच नव्हते, होत्या त्या भाड्याच्या जुन्या पावत्या आणि विजेची बिलं. हनुमंत, टेम्पो चालवणारा, म्हणाला, "एकदा उठलो का परत बसवत न्हाईत कुनी." शेवटी सगळे बघू लागले चिमाबाईकडं. चिमाबाई सत्तरीच्या पुढची, आठव्या खोलीत एकटी राहणारी, तोंडानं फटकळ आणि मनानं कुणाला न घाबरणारी. तिनं कैलासशेठकडं पाहिलंच नाही.

"इठ्ठल," ती म्हणाली, "तू सांग. व्हनार का ह्ये?"

विठ्ठलनं मनातल्या मनात ती चाळ उतरवली, बुडं बदलली आणि परत उभी केली. त्याला ती उभी दिसली. "व्हनार मावशी," तो म्हणाला. "म्या करतो."

"मंग झालं. तू म्हनतोस म्हनून जातो."

नऊ घरांच्या वतीनं एका कागदावर विठ्ठलनंच सही केली. कागद त्यानं वाचला. एक ओळ होती, उतरवलेलं सर्व साहित्य समितीच्या ताब्यात राहील आणि समिती त्याचा योग्य तो वापर करेल. ती वाचताना तो क्षणभर थांबला. मग त्याला वाटलं, ताब्यात म्हणजे गोदामात, आणि वापर म्हणजे परत बांधायला. दुसरं काय असणार.

चाळ त्यानं स्वतः उतरवली. एकही कुसू मोडू दिली नाही. प्रत्येक लाकडावर, जिथून दिसणार नाही अशा अंगाला, पटाशीनं खूण कोरली: ज्या घराचं लाकूड त्याचं पहिलं अक्षर आणि पुढं आकडा. चिमाबाईच्या खोलीतला मधला खांब झाला चि-तीन. त्या खांबाला बसल्या उंचीवर एक काळा खड्डा होता. वीज नव्हती तेव्हा तिथं खिळ्याला चिमणी लावलेली असायची, तिच्या आचेनं लाकूड वर्षानुवर्षं जळत जाऊन मूठभर खोल झालेलं. "ह्यो तासू नको," चिमाबाई म्हणाली होती. "माझ्या मालकानं ह्याच उजेडात बाबासायबांचं वाचून दाखवलं आमाला." तो हसून म्हणाला होता, "न्हाई तासत."

मग सगळे सोमाटण्याला गेले. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, खिडकीतून जुना हायवे. विठ्ठल रोज सकाळी तळेगावहून गाडी पकडून पेठेत कामाला यायचा.

मार्च महिन्यात, भर दुपारी, सात नंबरच्या घरात मधला खांब बदलायचा होता. वरचा मजला जॅकवर तोललेला. ठेकेदाराची माणसं गोदामातून खांब घेऊन आली आणि आडवा ठेवून गेली. विठ्ठलनं सवयीनं हात फिरवला. बोटं खड्ड्यात गेली.

त्यानं खांब पालथा केला. चि-तीन.

तो तसाच उठून कैलासशेठकडं गेला. शेठ अंगणात फरशीवाल्याशी बोलत होता.

"शेठ, ह्यो मागल्या रांगेचा खांब हाय."

"असू दे ना. साग तोच आहे."

"पर त्यांची चाळ?"

"त्यांच्या चाळीला आपण चांगलं लोखंड घालू, विठ्ठलभाऊ. आरसीसी. वाळवीचा प्रश्नच नको." शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्ता वरचा मजला जॅकवर लटकलाय. आज खांब लागला नाही आणि जॅक सरकला तर? खाली तुमचीच चार माणसं काम करतायत. आधी ते उरका. मग बसून बोलू."

विठ्ठल परत आत आला. वर पाहिलं. जॅक खरंच तिरका झाला होता. त्यानं स्वतःला सांगितलं, की आज लावू, नंतर काढू. लाकूड काढता येतं. त्यानं रंधा घेतला आणि खूण तासली. ती ठेवून खांब लावता आला असता, तरीही तासली. का, ते त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. खड्डा मात्र तासला नाही. तो भिंतीकडं वळवला. संध्याकाळपर्यंत खांब उभा राहिला, आणि इतका नेमका बसला की पाचर मारायचीसुद्धा गरज पडली नाही.

पहिला खांब लागल्यावर पुढचं सोपं गेलं. बसून बोलायचं कधीच झालं नाही. दोन महिन्यांत एकतीस लाकडं मागल्या रांगेतून पुढच्या घरांत गेली. हनुमंतच्या दोन्ही चौकटी, विठ्ठलच्या स्वतःच्या घराची तुळई. प्रत्येकावरची खूण त्यानं स्वतःच्या हातानं तासली. घरी हिराला सांगितलं नाही. जिन्यात चिमाबाई भेटली की विचारायची, "कुटवर आलं रं आपलं?" आणि तो म्हणायचा, "चाललंय मावशी."

अनघा पंधरा दिवसांतून एकदा यायची. जूनमध्ये ती आली तेव्हा त्यानं तिला बाजूला घेतलं. तिला माहीत होतं. तिनं लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. पुढची बावीस घरं गडद लाल. मागली रांग फिकट राखाडी.

"लाल म्हणजे जतनाचा पहिला वर्ग. हे राखाडी म्हणजे..." ती अडखळली. "मी मोजमाप केलं होतं चाळीचं, काका. पूर्ण. वर्ग द्या असं लिहिलंही होतं. समितीनं मान्य केलं नाही. नक्षी नाही, म्हणाले. मी लेखी हरकत घेतली."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही काम सोडून गेला असता. मग पुढची घरंपण गेली असती."

विठ्ठलनं त्या राखाडी पट्टीवर बोट ठेवलं. "तुमी लिवून तरी ठिवलंत, ताई," तो म्हणाला. "म्या तर तासून टाकलं."

डिसेंबरात उद्घाटन झालं. पेठ खरोखर देखणी दिसत होती. तेल पाजलेले खांब मधासारखे चमकत होते, सज्ज्यांवर झेंडूच्या माळा होत्या, पुण्या-मुंबईच्या गाड्या स्टेशनपर्यंत उभ्या. सोमाटण्याहून नऊ घरांतली माणसं नवे कपडे घालून आली होती. त्यांना वाटत होतं, आज आपल्यालाही कधी परत यायचं ते सांगतील. मंचावर विठ्ठलला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, मुख्य कारागीर म्हणून टाळ्या झाल्या. खाली हिरा कौतुकानं डोळे पुसत होती. शाल अंगावर घेतलेला विठ्ठल मंचावरून मागं बघू शकत होता. चाळ होती तिथं डांबर घातलेलं होतं, पांढऱ्या पट्ट्या आखलेल्या, आणि गाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या.

भाषणं चालू असताना चिमाबाई उठली आणि चालत मागं गेली. थोड्या वेळानं परत आली ती पुढच्या घरांत शिरली. एकेका घरात जायची, खांबाला हात लावायची, पुढं जायची. विठ्ठल मंचावरून उतरून तिच्या मागं धावला तोवर ती सात नंबरात पोहोचली होती. तिथं आता कॅफे होता. चिमाबाईनं मधल्या खांबाच्या पाठीमागं, भिंतीच्या फटीत हात घातला होता. तिची बोटं हळूहळू खाली सरकली आणि थांबली. तिथंच ती खांबाला टेकून खाली बसली.

"आजी, इथं बसता येणार नाही," कॅफेतली मुलगी म्हणाली. "काही ऑर्डर करायची असेल तर टेबलावर बसा."

चिमाबाईनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. दारात उभ्या विठ्ठलला तिनं खालपासून वरपर्यंत बघितलं. शाल, नारळ.

"इठ्ठल, ह्यो हितं कुनी लावला?"

"म्या."

"ठावं असून?"

"व्हय."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. तिनं खांबाचा आधार घेऊन उठायचा प्रयत्न केला, तो हात द्यायला पुढं झाला, आणि तिनं त्याचा हात बाजूला सारला. "न्हाई. मला त्यो हाय," असं म्हणून ती खांबालाच धरून उठली.

त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावर विठ्ठलशी कुणी बोलेना. सकाळी जिन्यात "जय भीम" म्हटलं तर पाठ फिरायची. हिराला पाण्याच्या रांगेत बायका पुढं जाऊ द्यायच्या, म्हणजे तिच्याशेजारी उभं राहायला नको. आठ दिवस तिनं सोसलं, नवव्या दिवशी विचारलं, "मला तरी सांगायचं व्हतं."

"तुला सांगितलं असतं तर तू लावू दिलं नसतं."

"म्हनूनच न्हाई सांगितलंत," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

चाळ परत बांधून द्या म्हणून नऊ घरांनी मिळून प्रांत कचेरीत अर्ज केला. एकदा अनघा स्वतः सोमाटण्याला आली, तिसरा मजला चढली आणि चाळीच्या मोजमापाचे नकाशे देऊन गेली. दुसऱ्या वर्षी सुनावणी लागली. साक्षीला विठ्ठल. अर्जदारांच्या वकिलानं आदल्या दिवशी त्याला समजावलं होतं, "तो कागद पुढं करतील. तुम्ही म्हणायचं, वाचला नाही, समजला नाही. एवढंच. बाकी मी बघतो."

साहेबांसमोर विठ्ठल उभा राहिला आणि त्यानं एकतीसच्या एकतीस लाकडं तोंडानं सांगितली. सात नंबरात चिमाबाईचा मधला खांब. चार नंबरात आमची तुळई, दक्षिणेकडून दुसरी. अकरा नंबरात हनुमंतच्या चौकटी, एकीचा उंबरा कापून आखूड केलेला. समोरचे लोक लिहून घेता घेता थकले. मग समितीच्या वकिलानं कागद पुढं केला.

"सही तुमची?"

"माझी."

"वाचून केली होती?"

खोलीत पंखा फिरत होता. मागच्या बाकावर नऊ घरं बसली होती. विठ्ठलनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"वाचून केली व्हती," तो म्हणाला.

तिथंच ते संपलं. साहित्य ताब्यात दिलेलं होतं, वापरायचा हक्क दिलेला होता. चाळ परत बांधायचं बोलणं झालं असेल, पण लिहिलेलं कुठं नव्हतं. फ्लॅट आहेत तेच त्यांचे, असा निकाल लागला. बाहेर आल्यावर हनुमंतनं त्याची कॉलर धरली.

"खोटं बोलाया पायजे व्हतं तवा खरं सुचलं तुला? आन आमच्याशी खरं बोलायचं तवा?"

"तवा खोटं बोललो," विठ्ठल म्हणाला. "आता परत जमंना मला."

हनुमंतनं कॉलर सोडली. मारलं नाही. मारण्यासारखाही तो त्याला वाटला नसावा.

विठ्ठलनं पेठेत जाणं सोडलं. सोमाटणे फाट्याजवळ एका फर्निचरवाल्याकडं तो प्लायवूड कापू लागला. मशीनच कापायचं, यानं फक्त फळी सरकवायची.

यंदा एप्रिलमध्ये कैलासशेठचा फोन आला. सात नंबरचा सज्जा पुढं झुकलाय, बाहेरचे मिस्त्री आणले होते, त्यांनी लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू मारले, त्यानं मधला खांब चिरत चाललाय. "तुम्ही याल तर बरं होईल, विठ्ठलभाऊ. झालं गेलं सोडा."

त्यानं फोन ठेवून दिला. जेवताना हिरानं विचारलं, कुणाचा होता. त्यानं सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला.

"कुठला खांब म्हनला?"

"मावशीचा."

"मंग जावा," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नगा जाऊ. पर जावा."

तो गेला. दाराशी तिकीट मागितलं, कामाला आलोय म्हटल्यावर पार्किंगच्या बाजूनं आत सोडलं. गाड्यांच्या मधून जाताना सहावी खोली कुठं असेल याचा त्यानं अंदाज घेतला नाही. पाय आपोआप अडखळले तेवढेच. दिवसभर तो स्क्रू काढत बसला. चिरेत त्यानं सागाची पातळ फळी भरली, सांधा मोकळा केला, पाचर मारून परत आवळला. कॅफेतली माणसं शेजारी बसून कॉफी पीत फोटो काढत होती. एकानं त्याचाही काढला. संध्याकाळी कैलासशेठ पाकीट घेऊन आला. विठ्ठलनं ते घेतलं नाही, आणि घेतलं नाही म्हणून काही वेगळं झालं असंही त्याला वाटलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर पोहोचला तेव्हा चिमाबाई तिच्या दारात पाट टाकून तांदूळ निवडत बसली होती. तो कुठं गेला होता ते हिरानं तिला सांगितलं असावं. दीड वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तो मान खाली घालून पुढं निघाला.

"ए," ती म्हणाली.

तो थांबला.

"हाय का उभा?"

"हाय मावशी."

"पडंल का?"

"आता न्हाई पडत."

तिनं सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. त्याला वाटलं, ती अजून काही बोलेल, आणि तो हातात हत्यारांची पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. ती उठली, सूप आणि पाट आत नेलं, आणि दार लावून घेतलं.